एका 'पू'ची दोन स्पेलिंगं: मॉरिशसच्या क्रेओलमध्ये बरोबर कोणतं धरायचं?

गौरी_डीटीपी

आधी एक खुलासा. 'पू' म्हणजे क्रेओलमध्ये, इथल्या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत, 'साठी'. जखमेतला नव्हे. पण माझं पत्रक नेमकं मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेची काळजी कशी घ्यावी यावरच होतं, त्यामुळे घरी हसून हसून पुरेवाट झाली.

मी चार वर्षं मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला आहे, डीटीपीची कामं करते. एका संस्थेचं क्रेओल पत्रक लावायला आलं. मूळ मजकुरात 'पू' पी-यू असं होतं. प्रुफं बघणाऱ्या बाईंनी सगळीकडे पी-ओ-यू केलं. मग संस्थेतल्या एका काकांनी लाल पेन घेऊन परत पी-यू केलं, पण फक्त पहिल्या पानावर. छापून आलं तेव्हा पुढे एक, मागे दुसरं. दोन हजार प्रती! बरोबर कोणतं, म्हणून विचारलं तर दोघंही ठामपणे म्हणाली, "माझं." रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मी फोनवर नुसतं पी लिहिते, सगळ्यांना कळतं."

जवळजवळ सगळा देश ही भाषा बोलतो. मग ती लिहायची कशी हे अजून ठरलंच नाही का? आणि ऐकू येतं तसं लिहा, एवढा एक नियम पुरत नाही का?

मास्तर_मोका

गौरीताई, ठरलंय. सरकारने काम सोपवल्यावर विनेश हुकुमसिंग यांच्या गटाने 2004 साली 'ग्राफी लारमोनी' ही लेखनपद्धती मांडली. 2010 मध्ये क्रेओल अकादमी झाली, 2011 मध्ये तिची लेखनपद्धती आली आणि जानेवारी 2012 पासून पहिलीला क्रेओल हा ऐच्छिक विषय सुरू झाला. त्या पद्धतीत पी-ओ-यू. म्हणजे बाईंचं बरोबर.

पण काकांना लगेच चुकीचं ठरवू नका. 'लेदिकास्यों पू त्रावायेर', म्हणजे 'कामगारांसाठी शिक्षण', ही संस्था 1976 पासून प्रौढांना क्रेओल लिहा-वाचायला शिकवते आहे. अकादमीच्या कितीतरी आधीपासून. पी-यू हे त्यांच्या घरचं. नुसतं संस्थेचं नाव बघा: 'पू' पी-यू आणि 'स्यों' वाय घालून. अकादमीच्या पद्धतीत त्या वायच्या जागी आय येतो. भाषाशास्त्रज्ञ कार्पूराँ यांच्या 2009च्या शब्दकोशाच्या नावात 'दिक्स्योनेर', म्हणजे शब्दकोश, हा शब्द आयनेच लिहिलाय. काका बहुतेक त्या वर्गांत नाहीतर त्या पुस्तकांवर वाढलेले असणार.

एका ध्वनीला एक अक्षर एवढाच हिशेब असता तर काका जिंकले असते. 'ऊ'साठी एक यू पुरतो, दुसरं अक्षर खर्ची घालायचं कारणच नाही. पण इथल्या माणसाचा डोळा फ्रेंच वर्तमानपत्रावर तयार झालाय आणि फ्रेंचमध्ये एकट्या यूचा उच्चार वेगळा, ओठांचा चंबू करून केलेला 'ई'. क्रेओलमध्ये तो ध्वनी नाही, पण डोळ्याला हे कोण समजावणार?

आता 'ऐकू येतं तसं' याबद्दल. खरी अडचण यू-ओयूची नाहीच, नाकातल्या स्वरांची आहे. बी-ए-एन लिहिलं की 'बाँ', म्हणजे बाकडं. बी-ए-एन-एन लिहिलं की 'बान', आणि तो अनेकवचनाचा शब्द: 'बान झाँफाँ' म्हणजे मुलं. एन एकटा असला तर आपला अनुस्वार, जोडीने आला तर खराखुरा न. हे कानाला आपोआप कळत नाही, कुणीतरी बसून ठरवावं लागतं. आपल्याकडे 1962च्या नियमांनी 'नांव'वरचं टिंब काढलं, तरी माझ्या आजोबांच्या पत्रांत ते शेवटपर्यंत होतं. तिथे चिन्ह होतं पण ध्वनी नव्हता. इथे ध्वनी दोन आणि अक्षर एकच.

जाता जाता: मी शाळेत मराठी शिकवतो. क्रेओल आणि मराठी एकाच तासाला असतात, मूल दोहोंतलं एकच घेतं. त्यामुळे अकादमीवर माझा राग असायला हवा. पण माझ्याच वर्गातली पोरं वहीच्या मागच्या पानावर एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात त्या क्रेओलमध्ये, आणि त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग रोज नवं असतं.

ध्वनिवेडा

मास्तर, नाकातल्या स्वरांवरून हैतीत अख्खं रामायण झालंय. तिथली क्रेओलही फ्रेंचमधूनच आलेली. 1940च्या दशकात मॅककॉनेल हा आयरिश मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि लॉबाक हा अमेरिकन साक्षरतावाला, यांनी एक पद्धत आणली. त्यात नाकातल्या स्वरावर टोपी (^), शिवाय के, डब्ल्यू, वाय ही अक्षरं. लोक खवळले: ही इंग्रजांची अक्षरं! त्यात 1915 ते 1934 तिथे अमेरिकी फौज बसलेली, म्हणजे जखम ओलीच होती. मग हैतीच्याच प्रेस्वार आणि फोब्ला यांनी टोपी काढून फ्रेंचसारखा एन परत आणला. गंमत म्हणजे के, डब्ल्यू, वाय शेवटी राहिलेच. 1979-80च्या सुमाराला अधिकृत झालेल्या पद्धतीत ते आहेत. 'बाँ-बान'ची अडचण तिथेही होतीच, पण त्यांनी दुसरा एन न घालता स्वरावर तिरकी रेघ दिली.

आणि ऐकू येतं तसं म्हणजे कुणाच्या कानाला? मृत्यूला हैतीत 'लाँमो' लिहितात, शेवटचा आर साफ कापलाय. मॉरिशसमध्ये 'लामॉर', आर शाबूत. बोलताना तोही जेमतेमच ऐकू येतो, पण लिहितात. फ्रेंच शिकलेल्याला शब्द चटकन ओळखू येतो म्हणून असेल, असं माझं मत.

मुळात 'क'साठी के की सी हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कॅरिबियन बेटांवरची पापियामेंतो ही क्रेओल बघा. अरुबा सी लिहितं, क्युरासाव के लिहितं, 1970च्या दशकापासून एकाच भाषेच्या दोन पद्धती सुखाने चालल्यात. शब्द कुठे तोडायचा हे चुकलं तर मात्र वाचणारा अडखळतो. 'लाकाज' म्हणजे घर, यातला 'ला' फ्रेंचमध्ये वेगळा शब्द होता, इथे शब्दातच मुरलाय. 'झेत्वाल' म्हणजे तारा, त्यातला 'झ' तर फ्रेंच अनेकवचनाचं शेपूट. तो तोडलात की जे उरतं तो क्रेओल शब्दच नाही. गौरी, तुमच्या पत्रकात हे तपासलंत का?

चकटफू

माझी पैज रिसेप्शनवरच्या मुलीवर. शंभर वर्षांनी नुसता पी उरेल.

गौरी_डीटीपी

@ध्वनिवेडा, तपासलं आणि कपाळाला हात लावला. 'पाय कोमट पाण्याने धुवा' या ओळीत पाण्याचं 'दिलो' एका ठिकाणी जोडून आणि दोन ठिकाणी 'दी लो' असं तोडून छापलंय. ते कुणीच धरलं नव्हतं, सगळे 'पू'वर भांडत बसलेले.

तर आता नवी आवृत्ती लावते आहे. अकादमीचं स्पेलिंग घेतलं, कारण हे पत्रक घरी आजीला वाचून दाखवणार ते शाळेत जाणारं नातवंड. चाळीस-पन्नास शब्दांची यादी करून टेबलासमोर चिकटवली आहे. जोडून काय, तोडून काय, एन कुठे एक नि कुठे दोन.

काकांकडे प्रूफ पाठवलं तेव्हा धाकधूक होती. आज सकाळी परत आलं. सगळे पी-ओ-यू जसेच्या तसे, लाल पेन कुठेच नाही. वर टाचणीने एक चिठ्ठी लावलेली: 'पू गौरी'.

पी-यू.