2 ऑक्टोबरची शांतता फेरी आणि सर्वधर्म प्रार्थना: नियोजन कसं करावं?

निंबोणी

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव आहे. यंदा, म्हणजे 2026 च्या 2 ऑक्टोबरला, शांतता फेरी आणि त्यानंतर सर्वधर्म प्रार्थना असा कार्यक्रम ठरतोय. तीन गणपती मंडळं, जामा मशिदीची कमिटी, बुद्धविहार, जैन स्थानक, चर्च आणि दोन महिला बचत गट तोंडी तयार आहेत. साधारण 300 माणसं धरली आहेत. शाळेच्या मैदानावरून निघून बाजारपेठेतून दोन किलोमीटर फिरून परत मैदानावर यायचं, मग प्रार्थना आणि नाश्ता. वर्गणी 25 हजारांच्या आसपास जमेल.

परवानग्या कुठून सुरू करायच्या? मंचावर कोणाला आधी बोलवायचं, यावरून आत्ताच कुजबुज सुरू झाली आहे. नाश्ता सगळ्यांना चालेल असा काय करावा? आणि फोटो निघून विषय संपला असं होऊ नये म्हणून काय करता येईल? नेमकं सांगा, अंदाजे नको.

माळरान

आधी कॅलेंडर उघडा. 2026 मध्ये 2 ऑक्टोबर शुक्रवारी येतो आणि तोही पितृपक्षात. शुक्रवार म्हणजे जुम्मा, दुपारची सामूहिक नमाज. खुत्ब्याची, म्हणजे त्या नमाजाआधीच्या प्रवचनाची, वेळ प्रत्येक मशिदीची वेगळी असते, ती कमिटीला विचारून लिहून घ्या आणि भांडी आवरण्यासकट सगळं साडेअकराच्या आत संपवा. ज्यांच्या घरी त्या तिथीचं श्राद्ध असेल ते दहानंतर थांबणार नाहीत. त्यामुळे साडेसातला जमणं, आठला फेरी, नऊला प्रार्थना, पावणेदहाला नाश्ता हीच वेळ बसते. ऑक्टोबरच्या उन्हाचाही प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. गणपती 14 सप्टेंबरला बसतात आणि अनंत चतुर्दशी 25 तारखेला आहे. त्या अकरा-बारा दिवसांत पोलीस ठाण्यात तुमच्या अर्जाकडे कोणी बघणार नाही आणि विसर्जनानंतर मंडळांची पोरं दोन दिवस झोपलेली असतात. म्हणून अर्ज ऑगस्टअखेर द्या आणि सगळ्यांची शेवटची मोठी बैठकही गणपतीच्या आधीच उरका.

अर्ज पोलीस निरीक्षकांच्या नावे. त्यात फेरीचा हाताने काढलेला नकाशा, चौकांची नावं, निघण्याची-पोचण्याची वेळ, अंदाजे संख्या, स्पीकर किती आणि कुठे, आणि जबाबदार दोन माणसांची नावं-फोन. ही दोन माणसं एकाच समाजाची नकोत. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश लागलेले असतात, ते बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. तोंडी ‘करा हो’ मिळालं तरी लेखी परवानगी हवीच. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, मैदानासाठी शाळेचं पत्र वेगळं, आणि फेरी बाजारातून जाणार म्हणून एक प्रत नगरपालिकेला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच जवळ ठेवा. ठाणेदार बदलला की नव्या माणसाला दाखवायला तेवढाच कागद असतो.

शाळा, दवाखाना किंवा न्यायालय यांच्या 100 मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तुमचं मैदान शाळेचंच आहे, ते आधी पाहा. एरवी निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. 300 माणसांना स्टँडवरचे दोन स्पीकर पुरतात. तोंडं गर्दीकडे, वस्तीकडे पाठ.

सदाफुली

मंचाबद्दल सांगते, कारण असे कार्यक्रम बहुतेक वेळा तिथेच बिनसतात.

मंच ठेवूच नका. सतरंज्या गोलात अंथरा, एका बाजूला वयस्करांसाठी तीसेक खुर्च्या आणि मध्ये एक माईक. सेवाग्रामच्या आश्रमात आजही प्रार्थना मोकळ्या जागेत जमिनीवर बसूनच होते आणि त्यात बौद्ध मंत्र, ईशोपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना हे सगळं एकापाठोपाठ येतं. उंच मंच आला की पहिली खुर्ची कोणाची हा प्रश्न येतो, त्यामागे पुढारी येतात, मग पुढाऱ्याची वाट पाहणं येतं. साडेसातला आलेली आजी सव्वानऊपर्यंत बसून राहते आणि पुढच्या वर्षी येत नाही.

क्रमासाठी चिठ्ठ्या टाका. त्या बैठकीत सर्वांसमोर लहान मुलाकडून उचलायच्या, त्याच दिवशी क्रम लिहून सगळ्यांच्या सह्या. ‘सर्वांत जुना धर्म आधी’ किंवा ‘संख्या जास्त त्यांचा आधी’ असली मोजमापं कुठेच थांबत नाहीत.

प्रत्येकाला चार मिनिटं. सहा-सात गट धरले तरी अर्धा तास. प्रत्येक जण आपली प्रार्थना आपल्या भाषेत म्हणेल आणि शेवटी एक मिनिट मराठीत अर्थ सांगेल. भाषण नाही, दुसऱ्या धर्माबद्दल एक शब्द नाही, कौतुकाचाही नाही. ‘तुमच्यातही चांगलं आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टोचतं. निवेदकाने सुरुवातीलाच सांगावं की कोणीही दुसऱ्याची प्रार्थना म्हणावी अशी अपेक्षा नाही, शांत बसून ऐकलं की झालं. मशिदीतले किंवा चर्चमधले वडीलधारे यायला का-कू करतात ते बऱ्याचदा एवढ्याचसाठी. आपल्याला हात जोडायला, आरती घ्यायला लावतील ही धास्ती असते. ती आधी घरी जाऊन दूर करा.

त्याच कारणाने दीपप्रज्वलन, श्रीफळ, प्रतिमापूजन वगळा. दोन मिनिटांच्या मौनाने सुरू करा, त्याला कोणाचीच ना नसते. शेवटी सगळ्यांनी एकत्र काही म्हणायचंच असेल तर संविधानाची उद्देशिका म्हणा. मराठीत दीड-दोन मिनिटांत होते. ठळक अक्षरात छापून पाच जणांत एक प्रत द्या, मोबाईलवर पाहून म्हणायला लावलं तर निम्मे लोक गप्प राहतात.

आणखी एक नाजूक गोष्ट. 2 ऑक्टोबर म्हणून फक्त गांधीजींचा फोटो लावला आणि बुद्धविहारातल्या मंडळींना ‘तुम्ही बुद्धवंदना घ्या’ एवढंच सांगितलं, तर ते येतील पण मन मागेच राहील. गांधीजींच्या उपोषणामुळे बाबासाहेबांना मान्य करावा लागलेला पुणे करार 1932 चा असला तरी घराघरांत त्याची आठवण ताजी आहे. फोटो लावायचे का, कोणाचे, हे पहिल्याच बैठकीत त्यांच्यासमोर विचारा. फोटोच नको असं ठरलं तरी काही बिघडत नाही. निर्णय झाल्यावर ‘आता बाबासाहेबांचाही लावू’ असं म्हणणं सर्वांत वाईट, कारण त्यातला ‘ही’ लगेच कळतो.

दगडीपूल

फेरीचं गणित मांडतो.

300 माणसं चारच्या रांगेत म्हणजे 75 ओळी, सव्वा मीटर अंतर धरलं तर साधारण 95 मीटर लांबी. बाजारपेठेत रस्ता अरुंद झाला की दोनची रांग होते आणि तीच फेरी 190 मीटरवर जाते. रमतगमत चालण्याचा वेग मिनिटाला 45 मीटर धरा, म्हणजे एक चौक पार व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात मधून एखादी मोटारसायकल घुसते, फेरीचे दोन तुकडे पडतात आणि मागचे धावायला लागतात. धावणारा जमाव लांबून पाहणाऱ्याला वेगळाच दिसतो. त्यामुळे अरुंद भागाच्या अलीकडे पन्नास पावलं आधीच सगळ्यांना दोनच्या रांगेत आणा आणि पलीकडे पोचल्यावर पुढच्यांना थांबवा.

वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे पंधरा. शिवाय प्रत्येक चौकात दोन आणि अगदी शेवटी एक धीराचा माणूस, ज्याच्या मागे कोणी राहणार नाही. सगळ्यांना पांढरी पट्टी दंडावर. रंगीत उपरणं कोणत्याही रंगाचं नको, आपल्याकडे प्रत्येक रंग कोणाचा तरी असतो.

घोषणा शक्यतो नकोतच, मूकफेरी ठेवा. द्यायच्याच असतील तर चार वाक्यं ठरवून छापा आणि त्याबाहेर पाचवी नाही. कोणी बाजूने काही ओरडलं तर स्वयंसेवकाने ओरडणाऱ्याकडे वळायचं नाही. त्याच्याकडे पाठ आणि आपल्या लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, हाताने पुढे चला म्हणायचं. आपल्या रांगेतून उत्तर गेलं नाही तर पुढे काही होत नाही. याचा सराव आदल्या संध्याकाळी मैदानावर वीस मिनिटं प्रत्यक्ष करून घ्या, नुसतं सांगून ते हाडात उतरत नाही.

निंबोणी

फार उपयोग झाला, धन्यवाद. दोन शंका. एका मंडळाचं ढोलपथक आहे, त्यांना फेरीत वाजवायचंय. नाही म्हटलं तर रुसतील. आणि नाश्त्याला पोहे ठरलेत, पण स्थानकातल्या मंडळींना कांदा चालत नाही.

दगडीपूल

ढोल फेरीत नको, हे ठाम. मशिदीसमोर, चर्चसमोर थांबवायचे का, किती पावलं आधी, कोणी खूण करायची, यावरूनच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. सबंध वाटेवर वाद्यच नसेल तर तो प्रश्न उरत नाही. पथकाला दुसरं मानाचं काम द्या. चौक सांभाळायला त्यांच्यासारखी माणसं नाहीत, विसर्जनात गर्दी आवरायची त्यांना सवय असते. आणि चौकात एकटं मंडळाचं पोरगं उभं करू नका, प्रत्येक जोडीत एक त्यांचा आणि एक मोहल्ल्यातला. तासभर एकत्र उभं राहिल्यावर फोन नंबर आपोआप दिले-घेतले जातात.

तांब्यापितळ

पोहे उत्तम, पण कांदा आणि बटाटा दोन्ही काढा. कांदेपोह्यांची वेगळी कढई ठेवू नका, एकच पदार्थ सगळ्यांनी खाणं हाच त्या नाश्त्याचा अर्थ आहे. माणशी 75 ग्रॅम कोरडे जाड पोहे धरले तर 300 जणांना साडेबावीस किलो, 24 आणा. शेंगदाणे तीन किलो, तेल तीन लिटर, मटार चार किलो, कढीपत्ता, ओलं खोबरं, लिंबं. चातुर्मासात बरेच जैन हिरवी पालेभाजीसुद्धा खात नाहीत, म्हणून कोथिंबीर वरून पसरायची नाही. वाटीत बाजूला ठेवा, हवी त्याने घ्यावी. फोडणीतला कढीपत्ता चालेल का तेही स्थानकात आधी विचारा.

एका घाण्याला पाच किलोच्या वर पोहे घेऊ नका. खालचे गिचका होतात आणि वरचे कोरडे राहतात. सगळे एकदम भिजवूनही ठेवू नका, पहिला घाणा वाढायला गेला की दुसरा भिजवा. ज्यांचा उपास असेल त्यांच्यासाठी पाच डझन केळी.

पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे 150 लिटर. वीस लिटरचे आठ जार लागतात, दहा आणा. दोन जार बाजाराच्या मध्यावर ठेवा. प्यायचे स्टीलचे पेले शंभर आणि धुवायला दोन टब. पेले सगळ्यांचे एकच, धुणारे आणि वाढणारे सगळ्या समाजांतले, बायका आणि पुरुष दोन्ही. पुरुष मंडळी गोलात बसली आणि बचत गटाच्या बायका मागे पोहे परततायत असं चित्र नको. प्रार्थनेतल्या आणि निवेदनातल्या निम्म्या जागा त्यांना आधीच द्या.

काठावरचा

शेवटच्या प्रश्नाबद्दल, फोटोपलीकडे काय.

भिवंडीत 1970 आणि 1984 ला मोठे दंगे झाले. 1988 साली तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात प्रतिष्ठितांऐवजी गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि त्या भागाच्या पोलिसासोबत नियमित बैठका ठेवल्या. बोलणं बरंचसं नळ, गटार, भाड्याची भांडणं यांचं. 1992 च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एकमेकांना नावाने ओळखणारी आणि रात्री दार वाजवता येईल अशी माणसं तिथे आधीपासून होती.

म्हणून नाश्त्यानंतर घाईने पांगू नका. आधीच रंगीत चिठ्ठ्या वाटून आठ-आठ जणांचे गट बसवा, पस्तीस मिनिटं. धर्मावर चर्चा अजिबात नको, प्रश्न घरातले. सणाच्या आदल्या रात्री तुमच्या घरी सर्वांत जास्त काम कोणाला पडतं? आपल्या गावात रात्री कुठून जायला भीती वाटते? दुसऱ्या प्रश्नावर गट आपोआप कामाला लागतो, कारण दिवा नसलेली गल्ली सगळ्यांसाठीच अंधारी असते. प्रत्येक गटाने एक तक्रार लिहून द्यावी आणि पुढच्या महिन्यात सर्वांनी मिळून नगरपालिकेत जावं.

कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतात, ते इथे करू असं कोणीतरी उत्साहाने सुचवेल. ते तिथल्या माणसांनी तिथल्या तिथे रुजवलेलं आहे, एका बैठकीत ठराव करून उचलता येत नाही. त्यापेक्षा तारखांची तडजोड शिका. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या आणि मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असं ऐनवेळी होत नाही, दोन-तीन महिने आधी एकत्र बसावं लागतं. तुमच्या गटाचं खरं काम तेच आहे. जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं की जयंत्या, उरूस, जुलूस, रथयात्रा, मिरवणुका एका कागदावर मांडायच्या आणि कुठे एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर येतात ते पाहायचं.

अफवांसाठी दहा जणांचा व्हॉट्सअॅप गट पुरे, प्रत्येक गल्लीतला एक. नियम एकच आणि तो कडक: आलेला व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही, ‘हे खरं आहे का?’ असं विचारायलासुद्धा नाही, कारण विचारणाऱ्याच्या नावानेच तो पसरतो. मजकूर शब्दांत सांगायचा, ज्या गल्लीचं नाव आहे तिथल्या माणसाला फोन लावायचा, त्याने बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहून सांगायचं. खरंच काही असेल तर 112.

निंबोणी

कळलं. चिठ्ठ्यांचा दिवस 23 ऑगस्ट, रविवार, असा सुचवते आहे. चर्चच्या लोकांना सकाळची मिस्सा असते, म्हणून बैठक संध्याकाळी पाचला, शाळेच्या वर्गात. उद्यापासून प्रत्येक ठिकाणी दोघी-दोघी जाऊन मशिदीची जुम्म्याची वेळ आणि स्थानकातलं कढीपत्त्याचं विचारून येतो.