निफाडची थंडी आणि मारुती ८००: आधी चोक बघा

बॅटरी नवी, प्लग साफ, तरी पहाटे दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागतो आणि दुपारी मात्र एका झटक्यात सुरू होते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून मला इग्निशनपेक्षा (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेपेक्षा) चोकचाच, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा अडवणाऱ्या झडपेचाच, संशय जास्त येतो.

थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतं आणि सिलिंडरमध्ये मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचं, पोचतं. चोक हवा अडवून ती कसर भरून काढतो, पण झडप पूर्ण मिटली तरच! एअर फिल्टर काढा, घरातल्या कुणाला तरी चोक ओढायला सांगा आणि वरून टॉर्च मारून बघा. माझ्या गाडीत केबलचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमधून सरकलं होतं. चोकचा खटका पूर्ण बाहेर, झडप मात्र अर्धी उघडी. त्याआधी मेकॅनिकने दोनदा प्लग बदलून पैसे घेतले होते, याचं अजून वाईट वाटतं.

झडप ठीक असेल तर गाडी दोन-चार दिवस उभी राहिल्यावर फ्लोट चेंबरमधली (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीतली) पेट्रोलची पातळी उतरते का, ते त्या चेंबरच्या काचेतून पाहा.

चोक ओढलेला असताना ॲक्सिलरेटर पंप करू नका. पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर चोक आत ढकला, पेडल पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त नको, मध्ये थोडं थांबा. झडप मिटते की नाही ते नक्की कळवा.