'पाचारण', 'आवाहन' की 'हाक'? आणि 'नीतिमत्त्व' म्हणजे न्याय का?

गोदाकाठ : नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, चार पानी पत्रक मराठीत करतोय. विषय ख्रिस्ती विश्वास आणि सामाजिक न्याय. मथळ्यातले 'कॉल' आणि 'जस्टिस' हे दोनच शब्द अडलेत. 'न्यायासाठी पाचारण' लिहिलं तर एकाने विचारलं, पोलीस येणार आहेत का? 'आवाहन' म्हटलं की देणगीची पावती डोळ्यांसमोर येते. छपाई शुक्रवारी आहे. सुचवा.

ओझरकर : तो दोष वर्तमानपत्रांचा. 'अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले' हे रोज वाचून शब्दाचा पार बंब झालाय. मंडळीच्या मराठीत पाचारण म्हणजे देवाने माणसाला बोलावणं, तेच ठेवा. 'आवाहन' मुळीच नको. षोडशोपचारातला पहिला उपचार आवाहन. तिथे माणूस देवाला बोलावतो आणि शेवटी विसर्जनही करतो. इथे दिशाच उलटी आहे.

शुद्धलेखनी : शिवाय 'आवाहन'चं 'आव्हान' होणार, हे लिहून ठेवा. दर दुसऱ्या फलकावर होतं.

ओझरकर : या पत्रकात झालं तर बिघडणार नाही. अर्थ सुधारेलच.

तळटीप : पाचारणात एक काटा आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, ७:२० काढा. ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहावं, असं तिथे आहे आणि लगेच पुढच्या वचनात गुलामाचा विषय. ग्रीक शब्द 'क्लेसिस'. धर्मसुधारक लूथरच्या जर्मन बायबलाच्या पुढच्या आवृत्त्यांत तिथे 'बेरूफ' आहे, म्हणजे पेशा. गुलामगिरीच्या पाठीराख्यांनी हे वचन भरपूर वापरलं. गंमत म्हणजे २१व्या वचनाच्या शेवटी ग्रीकमध्ये कर्मच नाही. 'उलट उपयोग कर', पण कशाचा? मिळणाऱ्या मोकळिकीचा की असलेल्या दास्याचा? भाषांतरकाराला कर्म पदरचं घालावं लागतं. आणि शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनने गुलामांच्या जहाजांवरून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना वसवून हातकाम शिकवलं होतं. त्याच रस्त्यावर वाटायच्या पत्रकात 'आहात तिथेच राहा'चा वास असलेला शब्द?

गोदाकाठ : मग 'हाक'? 'न्यायाची हाक'?

मळेकरी : हाक बरी. पण पत्रक अडेल ते 'जस्टिस'वर. जुन्या करारातलं मीखा ६:८ घ्या. आपल्या प्रचलित पवित्र शास्त्रात तिथे 'नीतीने वागणे' आहे. हिब्रू शब्द मात्र 'मिश्पात', म्हणजे वेशीत बसून केलेला निवाडा, ज्याचं त्याला देणं. तोच मिश्पात आमोस ५:२४ मध्ये 'न्याय' होऊन पाण्यासारखा वाहतो. मीखात तो नीती झाला आणि सगळं प्रकरण स्वतःच्या वागणुकीवर आलं. दारू पिऊ नका, खोटं बोलू नका, झालं! जोडीचा शब्द 'त्सेदाका', त्याचं 'नीतिमत्त्व' केलंय. नव्या करारात ग्रीक 'दिकायोसुने'चंही नीतिमत्त्वच. म्हणून डोंगरावरच्या प्रवचनातले भुकेले-तान्हेले मराठीत नीतिमत्त्वाचे आहेत, न्यायाचे नाहीत. दोष एकट्या मराठीचा नाही, इंग्रजीतही हीच फाळणी आहे.

शुद्धलेखनी : नीतिमत् अधिक त्व, म्हणजे दोन 'त'. वर बरोबर लिहिलंत, आभार. पण 'न्याय' तरी कुठे निर्मळ आहे? काकतालीय न्याय, न्यायदर्शन आणि वर कोर्टकचेरी. 'समन्याय' का नको?

तळटीप : कारण ते कुणी बोलत नाही. ज्या गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे 'सामाजिक न्याय' समजावून सांगावा लागत नाही. उलट पत्रकात ठोस लिहा. अनुसूचित जातीत कोण ते ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद मूळचा, पंजाबातल्या काही शीख जाती सोडता, हिंदूंपुरताच. १९५६ ला त्यात सगळे शीख आले, १९९० ला बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. त्या वाचकाला 'नीतिमत्त्व' वाचून काय कळणार?

मळेकरी : ठोसच हवं तर लेवीय १९:९-१० घाला, इथल्या बागाईतदारालाही कळेल. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेली कणसं उचलायची नाहीत, द्राक्षमळा झाडून न्यायचा नाही. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, मोजमाप दिलंय. कोपरा किमान साठावा हिस्सा. तोडणीत गळलेले मणी म्हणजे 'पेरेत', खांदा-शेंडा न धरलेला घड म्हणजे 'ओलेलोत', दोन्ही गरिबाचे. मालकाने 'याला देतो, त्याला नाही' म्हणायचं नाही. मर्जी आली की ती भीक झाली. रूथच्या पुस्तकात कापणीनंतर शेतात वेचायला उरतं त्याला आपला शब्द आहे : सरवा.

ओझरकर : वा! सरवा 'सरणे'पासून. हंगाम सरला की उरतो तो.

शुद्धलेखनी : ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली का? 'सरणे'ला 'वा' कुठून लागला ते सांगा.

ओझरकर : 'ओलावा'ला लागतो तिथूनच.

शुद्धलेखनी : ते ओल पासून, धातूपासून नव्हे. आणि त्यात 'आवा' आहे.

गोदाकाठ : मंडळी, उद्या शुक्रवार. मथळा?

मळेकरी : सरवा कणसांचा आणि भुईमुगाचा. द्राक्षाच्या बागेत तोडणीनंतर वेलीवर राहिलेल्या घडांना दिंडोरी-निफाडकडे काय म्हणतात? 'ओलेलोत'ला तोच शब्द लागेल.