मदत हवी आहे: समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम मध्येच थांबलं, तर जहाजावरच्या माणसाचं काय होतं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका एजन्सीने त्याला पवनचक्क्या उभारणाऱ्या जहाजावर कंत्राट देऊ केलंय. पगार चांगला आहे. पण ताई धास्तावली आहे, आणि खरं सांगायचं तर मीही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ऱ्होड आयलंडजवळचा ‘रिव्होल्यूशन विंड’ प्रकल्प थांबवला. काम सुमारे ८० टक्के झालेलं, ६५ पैकी ४५ टर्बाइन उभ्या! महिन्याभराने कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याआधी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कजवळच्या ‘एम्पायर विंड’चं कामही सरकारने असंच थांबवलं होतं, ते मे महिन्यात पुन्हा सुरू झालं.

पवनचक्क्या उभारणारी जहाजं जगात मोजकीच. भाडं दिवसावर, काम असो वा नसो. शिवाय पुढच्या प्रकल्पाची तारीख आधीच ठरलेली असते, म्हणजे एक काम रखडलं की पुढचंही अडकतं. कर्जाचं व्याज थांबत नाही ते वेगळंच. कंपनी तग धरेल हो, पण कंत्राटी माणूस?

कोणी या क्षेत्रात आहे का? काम बंद असताना स्टँडबायचा पगार पूर्ण मिळतो की कापून? मुदतीआधी घरी पाठवलं तर भरपाईचं कलम कंत्राटात नेमकं कुठे बघायचं? की त्याने सरळ बॉम्बे हायच्या बोटी धराव्यात? (ताईचं मत हेच, कारण महिन्याकाठी घरी येईल.) सही लवकरच करायची आहे.