शेवटच्या प्रश्नाला बझर लवकर दाबला, ही चूक म्हणायची का?

ग्रंथपाल_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. नववीतल्या चार मुलांचा प्रश्नमंजुषेचा संघ जूनपासून माझ्याकडे आहे. इथल्या एका केबल चॅनेलच्या आंतरशालेय स्पर्धेत आम्ही अंतिम फेरी गाठली आणि अगदी शेवटच्या प्रश्नाला हरलो. चित्रीकरण आधीच झालं होतं, परवाच्या रविवारी ते दाखवलं. तेव्हापासून चौघांतला एक मुलगा वाचनालयाची पायरी चढलेला नाही.

नियम असे. चार-चार जणांचे दोन संघ. बझर फेरीत बरोबर उत्तराला 10 गुण. प्रश्न पुरा व्हायच्या आत दाबून चुकलात तर 5 वजा, आणि मग तोच प्रश्न समोरच्यांना पूर्ण वाचून दाखवतात. प्रश्न संपल्यावर दाबून चुकलात तर गुण जात नाहीत. निवेदकांनी "हा शेवटचा प्रश्न" असं जाहीर केलं तेव्हा आम्ही 85, ते 80.

"1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या..." एवढं वाचून होतंय तोवर आमचा दिवा लागला. मुलगा जवळजवळ ओरडलाच, "दादासाहेब फाळके!"

नाशिकचं कुठलं पोर तिथे थांबलं असतं, तुम्हीच सांगा. पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे, दुसरीपासून यांच्या सहली तिथेच जातात.

पण प्रश्न पुढे होता. "...चित्रपटकर्त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचा पहिला मान 1969 साठी कोणत्या अभिनेत्रीला मिळाला?" समोरच्या संघाने शांतपणे देविका राणी सांगितलं. आम्ही 80, ते 90.

त्या दिवशी गाडीत तो गप्प होता, पण चौघं एकत्र होती, मिसळ खाऊन घरी गेली. खरं बिनसलं ते रविवारी, टीव्हीवर बघितल्यावर. समोरच्यांना प्रश्न पुन्हा वाचून दाखवतात ना, त्या वेळी कॅमेरा आमच्या बाकावर आहे. त्याच्या शेजारी आमची कॅप्टन मुलगी बसलेली. तिचे डोळे मिटलेले आणि ओठ हलताहेत. आवाज नाही, पण "देविका राणी" स्पष्ट वाचता येतं. तिला येत होतं! त्या मुलाचा अंगठा अजून बटणावरच, नख दाबून पांढरं झालेलं. हे त्याने घरी आई-बाबा, आजी आणि शेजाऱ्यांबरोबर बसून पाहिलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याचं चुकलं का? आणि समोरच्यांना प्रश्न पूर्ण ऐकवायचा हा नियम बरोबर आहे का? मला तो अजून खटकतोय. आमच्या चुकीचे 5 कापलेत, वर त्यांना आयता प्रश्नही?

जुना_बझर

ताई, मी 1985 सालचा प्रेक्षक आहे. दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' लागायचा, आमच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये एका घरी वीस माणसं जमून बघायची. पुढे कॉलेजात मीही बरीच वर्षं खेळलो, आणि असा बझर मीही दाबलाय.

आधी हिशेब बघू. पाचची आघाडी म्हणजे कोणालाच उत्तर आलं नाही तरच नुसतं गप्प बसून जिंकता येतं. समोरच्यांना आलं की 85 विरुद्ध 90, हरलातच. आघाडी 15 ची असती तर हात बांधून बसा म्हणून सांगितलं असतं, कारण त्यांनी दहा मिळवले तरी तुम्ही पुढेच. पाचवर तसं बसता येत नाही. म्हणजे दाबायचं ठरवलं यात त्याचं काही चुकलं नाही. चुकला तो दाबायच्या क्षणात.

आता हे त्याला जरूर दाखवा. निवेदक "जन्मलेल्या" म्हणाले, "जन्मलेले" नाही. फाळकेच उत्तर असते तर "त्र्यंबकेश्वरला जन्मलेले चित्रपटकर्ते कोण" असा सरळ प्रश्न आला असता. "जन्मलेल्या" हे सामान्यरूप आहे. म्हणजे पुढे काहीतरी जोडून येणार, "च्या नावाने", "ने", "ला", काहीही. कधीकधी तरीही उत्तर फाळकेच निघेल. उदाहरणार्थ, "जन्मलेल्या कोणत्या दिग्दर्शकाने 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला?" पण सामान्यरूप कानावर पडलं की आणखी तीन शब्द थांबायचं, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. मराठीत "कोण", "कोणत्या", "किती" हे बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटाला येतं. इंग्रजी स्पर्धा बघून मुलं लवकर दाबायला शिकतात. तिथे पुष्कळदा प्रश्नार्थक शब्दच आधी येतो, काय विचारलंय ते कळून चुकतं. मराठी प्रश्नात माहिती आधी मिळते, विचारणा शेवटी. त्या पोराला माहिती होती, विचारणा त्याने ऐकलीच नाही.

सातपूरची_आई

जुने बझरदादा, हिशेब पटला, पण ताई, तो त्याला आत्ताच सांगायला जाऊ नका. माझी मुलगी कबड्डीच्या सामन्यात शेवटच्या चढाईला पकडली गेली होती. प्रशिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर चुका लिहून दाखवल्या. सगळ्या बरोबर होत्या. ती आठवडाभर जेवली नाही धड.

त्याला गुण गेल्याचं दुःख नाहीये, तिचे ओठ हलताना दिसल्याचं आहे. ते तुम्ही मिटवू शकणार नाही, मीही नाही. ती कॅप्टन मुलगीच मिटवू शकेल. तिला एकटीला विचारा, ती तेव्हा काय म्हणत होती.

गंगापूररोड_ते_लीड्स

मी मूळचा गंगापूर रोडचा, बारा वर्षं इंग्लंडात आहे. इथला 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' दर आठवड्याला बघतो, त्यामुळे नियमाबद्दल सांगू शकतो. 1962 पासूनचा कार्यक्रम, मध्ये 1987 ला बंद झाला, 1994 ला परत आला. तिथेही चार-चार जणच असतात, आणि प्रश्न मध्येच तोडून चुकलात तर 5 वजा, पुढे प्रश्न समोरच्यांना पूर्ण. ताई, तुम्हाला हा अन्याय वाटतो, पण उलटा विचार करा. प्रश्न तिथेच सोडून दिला असता तर आघाडीवरचा संघ शेवटचा प्रश्न मुद्दाम अर्ध्यात तोडून मारून टाकू शकला असता. दहाची आघाडी असेल तर पाच गेले तर गेले! पूर्ण वाचून दाखवतात म्हणूनच ती वाट बंद आहे.

फरक एका ठिकाणी आहे, आणि तो मोठा आहे. इथे "हा शेवटचा प्रश्न" असं कोणी सांगत नाही. वेळ संपली की घंटा वाजते, कधीकधी प्रश्न अर्धा वाचून झालेला असतानाच. 2019 च्या अंतिम सामन्यात एडिनबराने ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलला 155–140 असं हरवलं. बझरच्या प्रश्नाला 10, तो जिंकला की संघाला 5-5 चे तीन प्रश्न. म्हणजे एक बझर आणि त्यामागचे दोन प्रश्न आले असते तर सेंट एडमंड 160. एवढ्या अंतरावरच्या मुलांनाही घंटा कधी वाजणार ते माहीत नसतं, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला हात वेगळा पडत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला "शेवटचा" असं ऐकवल्यावर बोट बटणावर थांबणं फार कठीण आहे. पुढच्या वर्षी तुम्ही आयोजकांना वेळेवर फेरी घ्यायला सुचवा.

ग्रंथपाल_नाशिकरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. नियमाचं पटलं, मी तो राग सोडला. आयोजकांना पत्र लिहिणार आहे, पण ते घंटेसाठी.

सातपूरच्या ताईंचं ऐकून बुधवारी कॅप्टनला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत मलाही फाळकेच वाटत होतं. त्याने नसता दाबला तर मी दाबला असता." मी म्हटलं, हे त्याला सांग. ती म्हणाली, सांगितलं असतं, पण तो फोन उचलत नाही. मग शाळा सुटल्यावर तिघंही सायकली काढून जेल रोडला त्याच्या घरी गेली. मी मुद्दाम गेले नाही.

गुरुवारी चौघं आली. विज्ञानाच्या सरांनी डोअरबेलची बटणं फळीवर बसवून आम्हाला बझर करून दिलाय, तो मुलगा त्याच्याजवळ बसेना. मी त्याला निवेदकाच्या खुर्चीत बसवलं आणि प्रश्नांची वही हातात दिली. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला तो म्हणाला, "1912 साली जन्मलेल्या..." आणि मुद्दाम थांबला. कॅप्टनने लगेच दाबलं, "कुसुमाग्रज!" त्याने वही खाली ठेवली नाही, पुढे वाचलं, "...कवीच्या जन्मदिवशी कोणता दिन साजरा होतो?" मराठी भाषा गौरव दिन. वजा 5. गेल्या रविवारनंतर पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं, आणि कॅप्टन त्याच्याहून जास्त हसत होती.

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता, त्याने तिथल्या तिथे बनवला. "जन्मलेल्या"बद्दल मी त्याला अजून एक शब्दही बोललेले नाही. जुने बझरदादा, ते त्याचं त्यालाच सापडलेलं दिसतंय.

अशा सामान्यरूपाने वळणाऱ्या मराठी प्रश्नांचा साठा कोणाकडे असेल तर कृपया इथे टाका. निवेदकाची खुर्ची आता तो सोडत नाही आणि माझी वही संपत आली आहे.