आयोडीनचे थेंब घ्यायला लागल्यापासून पाळीत फार जातंय. थेंबांमुळेच असेल का?

कोयनाकाठची:
नमस्कार मंडळी. मी कराडची, वय ४४. पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत उभंच राहायचं असतं. पाळी नेहमी चार-पाच दिवसांची, त्रास असा काही नव्हता. फक्त पाळीच्या आधी छाती दुखायची, हात लावला तरी ठणकायची.

दिवाळीत पुण्याच्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांचा एक आयोडीनचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यांच्या सांगण्यावरून ल्यूगोलची बाटली ऑनलाइन मागवली, पाच टक्क्यांची. रोज दोन थेंब पाण्यातून. "जपानी बायका रोज इतकं आयोडीन खातात म्हणून त्यांना छातीचे आजार नाहीत," असं त्या म्हणाल्या. छातीचं दुखणं थोडं कमी झालं, हे खरं सांगते.

पण संक्रांतीनंतरची पाळी लवकर आली आणि आठवडा उलटला तरी थांबेना. गुठळ्या पडतात. डबे भरता भरता दोनदा आत पळावं लागतं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. जिना चढताना धाप लागते. ग्रुपवर विचारलं तर म्हणाले, शरीरातलं ब्रोमाइड बाहेर पडतंय, मिठाचं पाणी प्या आणि थेंब वाढवा. ह्यांनी सरळ सांगितलं, "बाटली मोरीत ओत." घरी गेलं वर्षभर शेंदेलोणच वापरतो. आईला थायरॉईडची गोळी चालू होती. माझी तपासणी कधी झालेली नाही. थेंब बंद करू की चालू ठेवू? आणि डॉक्टरकडे जाऊन नेमकं काय विचारायचं?

निसर्गप्रेमी:
ताई, घाबरू नका. मी दोन वर्षं घेतोय, बायकोही घेते, तिची पाळी उलट सुधारली. सुरुवातीला शरीर घाण बाहेर टाकतं. डॉक्टर लोकांना आयोडीनबद्दल काही शिकवलेलंच नसतं. सेलेनियम सोबत घ्या.

औषधवाली:
निसर्गप्रेमी, गुठळ्या पडतायत आणि धाप लागतेय अशा बाईला "घाबरू नका" म्हणणं सोपं आहे, कारण धाप तुम्हाला लागत नाहीये. माझं कोल्हापुरात मेडिकल आहे, बी.फार्म. केलंय, आणि हे थेंब मागायला माझ्याकडेही लोक येतात. तेव्हा आधी हिशेब मांडते.

पाच टक्के ल्यूगोल म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम आयोडीन आणि १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. दोन्हींतलं आयोडीन धरलं तर एका थेंबात साधारण सव्वासहा मिलिग्रॅम. तुमचे दोन थेंब झाले साडेबारा मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. मिली नाही, मायक्रो. म्हणजे तीन महिन्यांचं आयोडीन तुम्ही एका सकाळी पिता, आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. अमेरिकेत रोजची वरची सुरक्षित मर्यादा ११०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपात ६००.

हे ल्यूगोल काही नवीन नाही. १८२९ मध्ये ज्यां ल्यूगोल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं काढलेलं. आजही सर्जन ते वापरतात, पण कशासाठी? थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, फार जोरात चालत असेल तर ऑपरेशनच्या आधी काही दिवस देऊन तिला गप्प बसवायला. तुम्ही तेच औषध छाती दुखते म्हणून रोज घेताय.

खूप आयोडीन एकदम आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये हे उंदरांवर दाखवलं. धडधाकट ग्रंथी काही दिवसांत सावरून पुन्हा कामाला लागते. पण जिच्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करत असते, म्हणजे हाशिमोटो, ती सावरत नाही, मंदच राहते. आणि हा आजार घराण्यात चालतो. तुमच्या आईच्या गोळीचा उल्लेख वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले.

आता पाळीचं. आयोडीन थेट गर्भाशयात जाऊन रक्त वाढवतं असं मला कुठे सापडलेलं नाही. वाट थायरॉईडवरून जाते. ग्रंथी मंदावली की बीज वेळेवर सुटत नाही, आतलं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम भसाभस जातं. शिवाय रक्त गोठवणारे काही घटकही कमी पडू शकतात. थायरॉईड जास्त चालली तर बहुतेक वेळा उलटं होतं, पाळी तुटपुंजी येते किंवा लांबते. पण या सगळ्याला आठवडे लागतात. थेंब सुरू केले आणि परवा पाळी बिघडली असं असतं तर मी थेंबांना सोडून दिलं असतं. तुम्ही दिवाळीत सुरू केले आणि संक्रांतीनंतर बिघडलं. हे जुळतं. सिद्ध झालं असं नाही म्हणत, जुळतं एवढंच म्हणते.

छातीच्या दुखण्याबद्दल तुम्ही खोटं बोलत नाही आहात. २००४ मध्ये शंभरेक बायकांवर एक अभ्यास झाला होता, मिलिग्रॅमच्या मापात आयोडीन दिलं होतं, आणि काहींचं दुखणं कमी झालं होतं. पण ते वेगळ्या रूपातलं आयोडीन होतं आणि बायका डॉक्टरांच्या नजरेखाली होत्या. व्हॉट्सॲपच्या नजरेखाली नव्हत्या.

राहिले जपानी. त्यांचं रोजचं आयोडीन एक ते तीन मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, साडेबारा नाही. तेही लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आणि जपानमधल्याच होक्काइडो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबू शेवाळ फार खाणाऱ्यांमध्ये गलगंड आढळला होता, तो जास्त आयोडीनमुळेच. हे ग्रुपवर कुणी सांगितलं का?

ब्रोमाइड आणि मिठाचं पाणी यावर मी लिहिणार नाही, डोकं तापतं.

निसर्गप्रेमी:
प्रत्येकाचा अनुभव वेगळा. माझं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, वाढलं होतं, ग्रुपच्या डॉक्टरांनी सांगितलं की आयोडीन घेताना ते वाढतंच, लक्ष देऊ नका.

औषधवाली:
वाढतं ना! ग्रंथी मंदावली की तिला हाकायला टीएसएच वाढतं, म्हणूनच तर सांगतेय. त्याच्या जोडीला टी४, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, आणि अँटी-टीपीओ, म्हणजे हाशिमोटोसाठीची रक्ततपासणी, करून घ्या दादा. खरंच करा, वादासाठी नाही म्हणत.

सिस्टर_निवृत्त:
मी ग्रामीण रुग्णालयात उभी हयात काढली, त्यामुळे पुस्तकी बोलत नाही. कोयनाकाठची ताई, थेंब आजपासून बंद, ते ठरलंच. पण "थेंब बंद केले, आता होईल कमी" म्हणून घरी बसू नका. मला त्याचीच भीती आहे. एक कारण सापडलं की माणूस दुसरं बघतच नाही. चव्वेचाळिशीत जास्त जाण्याची कारणं ढिगानं असतात. पिशवीत फायब्रॉइडची गाठ असेल, पॉलिप म्हणजे अस्तराला आलेला कोंब असेल, अस्तर जाड झालं असेल, पाळी जायची वेळ जवळ येतेय म्हणून बीज चुकत असेल.

पहिली गोष्ट, प्रेग्नन्सी टेस्ट. हसू नका. या वयात "आता कुठलं" म्हणत आलेल्या आणि गर्भपात होत असलेल्या बाया मी पाहिल्यात. मग सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), टीएसएच, टी४, अँटी-टीपीओ, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि पोटाची सोनोग्राफी. पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात, त्याला नाही म्हणू नका. पाच मिनिटांचं काम आहे, दुखतं, पण सोसतं.

दर तासाला पॅड भिजतंय आणि असं दोन तासांच्या वर चाललंय, चक्कर येतेय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर उद्याचे डबे राहू देत, त्याच रात्री दवाखाना गाठा. रक्त थांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेऊ नका. पायात गुठळी झालेल्या बाईला त्या चालत नाहीत, आणि विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नाही.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये किती गाजलं ते आठवत असेल. गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल आहे, पिशवी हा शेवटचा उपाय.

पॅथॉलॉजीतला:
तपासणीला जाण्याआधी एक गोष्ट. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा. काही मशिनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसतं. आमच्याकडे असे रिपोर्ट येतात आणि पेशंट विनाकारण घाबरतो, किंवा विनाकारण निर्धास्त होतो, ते जास्त वाईट. आणि हातावर आयोडीनचा डाग लावून "किती वेळात उडाला" बघायची ती घरगुती चाचणी सोडून द्या, त्यावरून काही कळत नाही.

सॅनहोजेकर:
शेंदेलोणात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं, त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. इथे अमेरिकेत मिठात आयोडीन घालणं सक्तीचं नाही, कोशर नावाच्या जाड मिठात आणि समुद्री मिठात बहुधा नसतंच. मी कित्येक वर्षं तेच वापरत होते, गरोदरपणात डॉक्टरनं विचारलं तेव्हा लक्षात आलं. आयोडीन कमी पडलं तरी थायरॉईड बिघडते, जास्त झालं तरी बिघडते. म्हणून थेंब बंद केल्यावर परत नुसत्या शेंदेलोणावर जाऊ नका.

औषधवाली:
बरोबर मुद्दा. आपल्याकडे १९६२ पासून गलगंडाचा कार्यक्रम चालू आहे, आणि २००६ पासून खायला विकायच्या मिठात आयोडीन देशभर सक्तीचं आहे. दुकानातल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. शेंदेलोण उपवासाला राहू दे. रोजच्या आमटीला साधं पुडीतलं मीठ, बरणीला घट्ट झाकण, आणि बरणी शेगडीशेजारी नको. थोडं दूध-दही-अंडं पोटात गेलं की त्यातूनही मिळतं. थेंबांची गरजच नाही.

कोयनाकाठची:
सगळ्यांचे आभार. जरा उशिरा लिहितेय, केंद्र चार दिवस बंद ठेवावं लागलं.

प्रेग्नन्सी टेस्ट केली, नाही आली, सिस्टर, आणि हसलेही नाही. हिमोग्लोबिन ८.९. टीएसएच १८, म्हणजे बरंच वाढलेलं, टी४ कमी, अँटी-टीपीओ खूप जास्त. म्हणजे औषधवालीताईंना खुर्चीत जे वाटलं तेच. पण सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइडही निघाला. तो पिशवीच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्याचा रक्त जाण्याशी फारसा संबंध नसावा असं मॅडम म्हणाल्या. अस्तर जाड दिसलं म्हणून तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट चांगला आला. मी मॅडमना सरळ विचारलं, थेंबांमुळेच झालं का? त्या म्हणाल्या, आजार आतून आधीच सुरू असणार, थेंबांनी त्याला ढकललं असेल, पण किती ढकललं हे आता मागं जाऊन मोजता येणार नाही. मला हे उत्तर पटलं. जाऊबाईंना पटलं नाही. पण त्यांनी स्वतःचं टीएसएच करायला दिलंय, म्हणजे आतून कुठेतरी पटलं असावं.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू झालंय, लोहाची गोळीही. दीड-दोन महिन्यांनी परत टीएसएच. एकच विचारायचंय, मी पहाटे चारला उठून आधी चहा घेते, त्याशिवाय कणीक मळायला हात उचलत नाही. मग गोळी कधी घ्यायची? आणि छातीचं परत दुखायला लागलंय.

औषधवाली:
उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन, मग निदान अर्धा तास काही नाही, तास गेला तर उत्तम. पहिली कणीक चहाशिवाय मळावी लागेल, इलाज नाही. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, दोन्हींत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉक्सिन पोटात नीट शोषलंच जात नाही आणि पुढच्या वेळी टीएसएच तसंच येईल. कॅल्शियम दिलं तर त्यालाही हाच नियम.

सिस्टर_निवृत्त:
छातीचं मॅडमना दाखवा. दोन्ही बाजूंना, पाळीआधी दुखत असेल तर बहुधा साधंच असतं. पण हाताला गाठ लागत असेल, एकाच बाजूला ठराविक जागी दुखत असेल किंवा बोंडातून काही येत असेल तर मॅमोग्राफी करून घ्या. चाळिशी ओलांडली आहेच तुमची.