मदत हवी आहे: गेलेल्या आजोबांचा आवाज, मराठी उच्चारांसकट

आजोबांच्या आवाजात संगणकाकडून मजकूर वाचून घ्यायचा आहे. व्हॉट्सॲपवरच्या त्यांच्या व्हॉइस नोट्स आहेत, एकूण २२ मिनिटं. त्या ओपस प्रकारच्या फाइली एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने २४ किलोहर्ट्‌झ मोनो वेव्ह फाइलींमध्ये बदलल्या. पंख्याची घरघर जास्त पुसली की श्वासही जातो, आवाज पत्र्याचा होतो. एक्सटीटीएस-व्ही२ या, आवाजाची नक्कल करून मजकूर वाचणाऱ्या मॉडेलमध्ये मराठी नाही. हिंदी निवडल्यावर 'बाळ'चं 'बाल' झालं, 'चमचा'तला च अगदी हिंदी. सूर त्यांचा, माणूस परका!

गप्पा मारणारा बॉट नकोच. आजीला फक्त त्यांच्याच पत्रांतली दहा वाक्यं ऐकायची आहेत. घरच्यांची संमती आहे. ऑनलाइन सेवा नको, ग्राफिक कार्ड ८ जीबीचं.

आता इंडिकएफ५ हे मराठी येणारं तसंच मॉडेल वापरणार आहे. त्याला आवाजाच्या नमुन्यासोबत त्यात बोललेला शब्दशः मजकूर लागतो. आजोबा मध्येच खोकतात, 'हां... ते हे' म्हणतात. ते मजकुरात लिहायचं, की नमुन्यातूनच कापायचं?